चौसष्ट घरांतील खुर्ची

टीकाकारानें कोणत्या कलेचा विचार करावा आणि कोणत्या कलेचा करूं नये, याविषयीं आपल्याकडे एक अलिखित नियम रूढ झालेला दिसतो. ज्या कलेला नांव आहे, इतिहास आहे आणि जिच्यावर इंग्रजींत चार जाड ग्रंथ आहेत, तिच्याविषयीं लिहिलें तर तें रसग्रहण. आणि जी मुलांच्या हातांतील खेळण्यांत जन्मास आली तिच्याविषयीं लिहिलें तर तो निव्वळ रिकामपणाचा उद्योग! या नियमाचा भंग करून मी आज पिक्सेल-चित्रांतील घरगुती सामानाविषयीं, म्हणजे व्हिडिओ-खेळांच्या पडद्यावर दिसणाऱ्या खुर्च्या, टेबलें, पलंग आणि कपाटें यांच्याविषयीं लिहिणार आहें. या खेळांतील रणांगणें आणि राक्षस यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. खुर्चीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. परंतु माझें मत असें कीं, या कलेची खरी परीक्षा राक्षसांत नसून खुर्चींत आहे. राक्षस कसाहि काढला तरी चालतो, कारण तो कोणी पाहिलेला नाहीं. खुर्चीवर मात्र आपण सर्वजण रोज बसतों, आणि ती चुकली तर तें शाळेंत न गेलेल्या मुलालाहि कळतें.

पिक्सेल म्हणजे पडद्यावरील चित्राचा सर्वांत लहान चौकोनी कण. जुन्या यंत्रांत आठ कण रुंद आणि आठ कण उंच असा तुकडा हा चित्राचा मूळ घटक असे, व त्याला टाइल म्हणत. आठ आठें चौसष्ट. बुद्धिबळाच्या पटावर जितकीं घरें तितकींच. या चौसष्ट घरांत, किंवा असे चार तुकडे जोडून होणाऱ्या दोनशें छप्पन्न घरांत, चित्रकारानें आपली खुर्ची बसवावयाची असते. प्रत्येक घरांत एकच रंग भरावयाचा, आणि रंगहि तीन किंवा चारच. ज्यांच्या घरीं मॅटीच्या कापडावर टांक्याटांक्यानें पोपट आणि गुलाब भरले गेले, त्या वाचकांस ही रीत अगदींच अनोळखी वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं, भरतकाम करणारीला मोठें कापड घेतां येतें, पेटींत नसलेला रेशमाचा रंग बाजारांतून आणवितां येतो. येथें कापड ठरलेलें आणि पेटीहि ठरलेली.

या पटावर टेबल काढूं लागलें म्हणजे पहिलीच अडचण अशी येते कीं, सोळा या संख्येला मधलें घर नाहीं. गोल टेबलाचा मधला एकुलता एक पाय काढावयाचा, तर तो आठव्या घरांत घ्यावा कीं नवव्या? कोठेंहि घेतला तरी टेबल एका अंगास कललेलें दिसतें. मग पाय दोन घरें रुंद करावा लागतो, आणि टेबल एकदम दणकट, खेड्यांतल्या सुतारानें केल्यासारखें वाटूं लागतें. किंवा सबंध टेबलच पंधरा घरांचें करून एक घर रिकामें सोडावें लागतें, आणि मग तेंच टेबल नाजूक होऊन दिवाणखान्यांत जाऊन बसतें. एका कणाच्या हिशेबावर मालकाची सांपत्तिक स्थिति ठरावी, असा हा प्रकार आहे.

या खोल्या बहुधा वरून आणि किंचित् समोरून पाहिल्याप्रमाणें काढलेल्या असतात. त्यामुळें टेबलाचा वरचा पृष्ठभाग आणि त्याची पुढची बाजू हीं दोन्ही एकदम दिसतात. पृष्ठभाग उजळ, पुढची बाजू मध्यम आणि पायांमधील पोकळी गडद, असा साधारण संप्रदाय आहे. या तीन पट्ट्यांचें प्रमाण बदललें कीं वस्तूच बदलते. उजळ पट्टा लांब करून गडद पट्टा कमी केला कीं टेबलाचा पलंग होतो. उजळ पट्टा अगदीं अरुंद करून मधला उंच केला कीं त्याचेंच कपाट होतें. आपला जेवणाचा पाट या रीतीनें काढून पाहावा. तो जमिनीपासून इतका थोडा उंच असतो कीं, चित्रांत नुसता तपकिरी चौकोन उमटतो आणि पाहणारा त्याला खुशाल चटई म्हणतो. परंतु त्या चौकोनाच्या खालच्या कडेला गडद कणांची एकच ओळ द्या. चटई जमिनीवरून उचलली जाते आणि तिचा पाट होतो. अर्थ पालटावयास येथें याहून अधिक सामग्री लागत नाहीं, आणि याहून अधिक सामग्री मिळतहि नाहीं.

रंगांच्या कमतरतेवर एक जुना तोडगा आहे. दोन रंगांचे कण एकाआड एक मांडले म्हणजे डोळ्याला तिसऱ्याच रंगाचा भास होतो. त्याला डिदरिंग म्हणतात. आकाशाला आणि धुक्याला हा तोडगा शोभतो. पण सोळा कणांच्या खुर्चीवर तो केला तर डोळा त्या दोन रंगांचें मिश्रण करावयास तयार होत नाहीं. त्याला खुर्चीवर गोणपाट अंथरलेलें दिसतें. नवशिक्यांच्या पुष्कळ खुर्च्या अशा गोणपाटाच्या झालेल्या असतात. क्षेमेंद्रानें औचित्य हेंच काव्याचें जीवित मानलें, त्यावर आमच्या वर्गांतील विद्यार्थी नेहमीं उदाहरण मागतात. हें उदाहरण त्यांस पटेल असें वाटतें. साधन तेंच, पण आकाशाला जें योग्य तें आसनाला नव्हे.

एवढें या कलेच्या व्याकरणाविषयीं झालें. या व्याकरणानें कोणी कांहीं सांगितलें आहे काय, हा खरा प्रश्न आहे. आणि त्यासाठीं एक ठरावीक खोली डोळ्यांपुढें आणली पाहिजे.

निन्टेन्डो कंपनीनें १९८९ सालीं गेम बॉय हें हातांत मावणारें यंत्र विक्रीस काढलें. त्याचा पडदा १६० कण रुंद आणि १४४ कण उंच होता. रंग म्हणावे तर नव्हतेच. हिरवट पडद्यावर फिक्यापासून गडदापर्यंत चार पायऱ्या, एवढाच काय तो संसार. या यंत्राच्या चित्रस्मृतींत एका वेळीं ३८४ टाइल मावत, आणि पात्रें, भिंती, झाडें व सामान या सर्वांस त्यांतूनच जागा द्यावी लागे. विशेष लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, पडद्यावर उमटणारीं अक्षरेंहि त्याच भांडारांतील टाइल असत. म्हणजे वाक्यांतील एक अक्षर आणि खुर्चीचा एक तुकडा यांचें माप एक, वजन एक आणि कोठारहि एकच!

याच यंत्रासाठीं १९९६ सालीं गेम फ्रीक या मंडळींनीं केलेले ‘पॉकेमॉन’ मालिकेचे रेड आणि ग्रीन हे पहिले दोन खेळ जपानांत प्रसिद्ध झाले. खेळाच्या आरंभीं एक मुलगा माडीवरील आपल्या खोलींत उभा असतो. खोलींत पलंग आहे, संगणक आहे, टेलिव्हिजन आणि त्यापुढें खेळाचें यंत्र आहे, कोपऱ्यांत कुंडींतलें झाड आहे. जिना उतरून खालीं आलें कीं टेबलाशीं आई बसलेली असते. तिचा निरोप घेऊन मुलगा घराबाहेर पडतो, आणि पुढचा सारा खेळ हा या घरापासून दूर जाण्याचाच आहे. या खोलींतील पलंग पाहावा. उशीचा उजळ भाग, पांघरुणाची एक घडी आणि कडेची गडद रेघ, याहून त्यांत कांहीं नाहीं. त्यावर मुलाला निजतांहि येत नाहीं. पुढें प्रवासांत त्याचे सोबती थकले आणि तो घरीं परत आला, तर त्यांना विश्रांति मिळते ती पलंगावर नव्हे. त्यासाठीं खालीं जाऊन आईशीं बोलावें लागतें. पलंग आहे तो केवळ हें कोणाचें तरी घर आहे एवढें सांगण्यासाठीं, आणि तेवढें काम तो चोख करतो.

मुलगा गांवामागून गांव पालथें घालूं लागतो. कोणाच्याहि घरांत शिरावें. तेथें तसलेंच टेबल, तशींच स्टुलें, तशींच पुस्तकांचीं कपाटें, तशीच कुंडी. प्रथमदर्शनीं हें दारिद्र्य वाटतें, आणि एका अर्थानें तें आहेच. श्रीमंत आणि गरीब, टापटिपीचा आणि गबाळा, असा भेद या खोल्यांना सांगतांच येत नाहीं. कादंबरीकारानें सगळ्या पात्रांना एकाच दिवाणखान्यांत बसवावें, तसा हा दोष आहे आणि तो झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु घर सोडून निघालेल्या मुलाच्या बाजूनें पाहिलें म्हणजे याच दोषाची दुसरी बाजू दिसूं लागते. जें टेबल आईसमोर होतें, तेंच त्याला शंभर परक्यांच्या घरीं भेटतें. परकें घर त्यामुळें पुरतें परकें राहत नाहीं, आणि आपलें घरहि मागें पडून पुरतें नाहींसें होत नाहीं. करणारांनीं हा परिणाम योजिला होता असा माझा आग्रह नाहीं. त्यांना टाइल वांचवावयाच्या होत्या, एवढेंच कारण पुरेसें आहे. पण वृत्ताची मात्रा भरून काढण्यासाठीं घातलेला शब्द पुढें सबंध श्लोकाचा आधार होऊन बसतो, हा अनुभव काव्याच्या अभ्यासकास नवा नाहीं. आणि कवीच्या मनांत तें नव्हतें म्हणून श्लोकांतून तो अर्थ कोणी पुसून टाकीत नाहीं.

येथें मला व्हिन्सेंट व्हॅन गॉग यानें १८८८ सालीं काढलेल्या खुर्चीची आठवण होते. वेताच्या बैठकीची साधी, ओबडधोबड खुर्ची आणि तिच्यावर ठेवलेली चिलीम व तंबाखू. तेथें माणूस नाहीं, तरी तें एका माणसाचें चित्र आहे. दुसऱ्या कोणाची ती खुर्ची असूंच शकत नाहीं. व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर ती खुर्ची विशेषनाम आहे. गेम बॉयच्या चार छटांतील स्टूल हें सामान्यनाम आहे. सामान्यनाम हें विशेषनामाहून हलक्या प्रतीचें, असें आपल्या टीकेनें पाश्चात्यांपासून शिकून घेतलें आहे. व्यक्तिवैशिष्ट्य दिसलें कीं वाहवा, ठोकळेबाजपणा दिसला कीं धिक्कार. मला हा निवाडा एकांगी वाटतो. भाषा चालते ती बव्हंशीं सामान्यनामांवर. ‘घर’, ‘आई’, ‘दिवा’ हे शब्द कोणा एकाचे नाहींत, म्हणूनच ते ज्याच्या त्याच्या उपयोगी पडतात. पिक्सेलांतील चांगली खुर्ची ही अशी शब्दासारखी असते. तिच्यावर मालकाचें नांव नसतें. पाहणारा आपल्या आठवणींतली खुर्ची तिच्यांत आणून ठेवतो, आणि चौसष्ट घरांत न मावणारें सारें कांहीं असें बाहेरून येतें.

हें मत कसोटीस लावून पाहण्यासाठीं अगदीं उलट टोंकाचें उदाहरण घ्यावें. फिनलंडमधील साम्पो कार्यालाइनेन आणि आपो क्युरोला यांच्या खटपटींतून २००० सालीं हबो हॉटेल सुरू झालें. ही इंटरनेटवरील एक वसतिगृहवजा दुनिया. प्रत्येकाला एक खोली, आणि खोलींत मांडावयाचें सामान विकत घ्यावयाचें. हें सामान काढण्याचें कसब मोठें आहे, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे. येथें खोली कोपऱ्यांतून पाहिल्याप्रमाणें तिरपी असते, आणि तिरप्या रेघेसाठीं एक नियम पाळला जातो: दोन कण आडवे, मग एक कण खालीं, पुन्हा दोन आडवे. भूमितीच्या पुस्तकांतील तीस अंशांची रेघ घेतली तर पायऱ्या कोठें एक कणाच्या, कोठें दोन कणांच्या पडून रेघ कुरतडल्यासारखी दिसते. दोनास एक या प्रमाणांत तोच कोन सुमारें साडेसव्वीस अंशांचा होतो, आणि रेघ अगदीं स्वच्छ उतरते. भूमितीशीं थोडें खोटें बोलून डोळ्याशीं खरें बोलावें, हा कारागिराचा जुना शहाणपणा यांत आहे. हबोमधील सोफे आणि दिवे यांचीं कोपरें पाहिलीं म्हणजे हात बसलेल्या माणसाचें काम लगेच ओळखूं येतें.

पण ही खुर्ची शब्द राहिली नाहीं. ती मालमत्ता झाली. खऱ्या पैशानें घेतलेल्या नाण्यांवर ती मिळूं लागली, कांहीं वस्तु मुद्दाम थोड्याच काढल्या गेल्या, आणि त्या दुर्मिळ म्हणून त्यांची किंमत चढली. नोव्हेंबर २००७ मध्यें नेदरलंड्सच्या पोलिसांनीं सतरा वर्षांच्या एका मुलास या हॉटेलांतील सामान चोरल्याच्या आरोपावरून अटक केली. इतरांचे सांकेतिक शब्द फसवून मिळवावयाचे आणि त्यांच्या खोल्यांतील वस्तु आपल्या खोलींत न्यावयाच्या, असा तो आरोप होता. मालाची किंमत चार हजार युरो सांगण्यांत आली. वर्तमानपत्रांनीं ही गंमत म्हणून छापली. मला ती गंमत वाटली नाहीं. ज्या मुलांच्या खोल्या रिकाम्या झाल्या त्यांचें नुकसान खरेंच होतें. त्यांनीं खाऊचे पैसे सांठवून तें सामान घेतलें असेल. परंतु टीकाकारानें असा प्रश्न विचारावा: चोरीला गेलें तें काय? चित्र तर गेलें नाहीं. तें पूर्वीं जितकें सुंदर किंवा कुरूप होतें तितकेंच राहिलें, आणि पूर्वींइतकेंच सर्वांस दिसत राहिलें. गेलें तें चित्रापुढें लिहिलेलें मालकाचें नांव. म्हणजे व्हॅन गॉगनें जें विशेषनामत्व कुंचल्यानें मिळविलें, तें येथें खतावणींतील नोंदीनें मिळविलें. एकदां असें झालें कीं रेखाटनाचें मोल उरत नाहीं. बेढब पण दुर्मिळ सिंहासन हें सुबक पण सुलभ खुर्चीहून वरचढ ठरतें. नाण्यावरील चित्राकडे पाहतो कोण?

तथापि त्याच हॉटेलांत मुलांनीं त्याच खुर्च्या रांगेनें मांडून दवाखाने चालविले, उपाहारगृहें थाटलीं, हेंहि सांगितलें पाहिजे. बांकांच्या दोन ओळी आणि पुढें एक टेबल मांडलें कीं तो दवाखाना, आणि रोगी रांगेंत बसावयास तयार! तेथें ती खुर्ची पुन्हा शब्द झाली, आणि तिची किंमत कोणी विचारली नाहीं.

या दोन टोंकांच्या मध्यें ‘स्टारड्यू व्हॅली’ आहे. एरिक बरोन या एकाच गृहस्थानें त्यांतील चित्रें, संगीत आणि सर्व रचना केली, आणि तो खेळ २०१६ सालीं बाहेर आला. त्यांतील सामान रंगानें प्रसन्न आहे, पण त्याचा सुकाळ फार. सुताराच्या दुकानांत दोन लक्ष मोहोरांना सामानाची एक यादी मिळते. ती घेतली कीं तिच्यांतील सामान हवें तितकें फुकट! माझ्या मतें येथें निवडीचा प्रश्नच निकालांत निघतो. ज्याच्याजवळ सर्व खुर्च्या आहेत त्याला कोणतीच खुर्ची मांडण्याचें कारण उरत नाहीं, आणि खोली पाहतां पाहतां वखारीसारखी होते. याला कर्त्याचा आळस म्हणतां येणार नाहीं. उलट अतिशय परिश्रमाचा हा परिणाम आहे.

आतां एक आक्षेप राहतो, आणि तो वजनदार आहे. गेम बॉयच्या चित्रकाराला चार छटा होत्या म्हणून त्यानें चार वापरल्या. आज साध्या यंत्रावरहि १,६७,७७,२१६ रंग दाखवितां येत असतां कोणी चारच रंगांत पलंग काढीत बसला, तर तें व्रत म्हणावें कीं सोंग? पुष्कळ ठिकाणीं तें सोंगच असतें. बालपणच्या खेळांची हुरहूर विकण्याचा तो धंदा आहे, आणि तो ओळखण्याची एक सोपी खूण आहे. खोलींतील पलंग जाड कणांचा काढलेला असतो, पण त्याशेजारचा दिवा त्याच्या निम्म्या आकाराच्या बारीक कणांचा, आणि दिव्याची प्रभा तर कणांचा पत्ताच नसलेली, धुरासारखी पसरलेली. ज्यानें मर्यादा खरोखर पत्करली आहे तो दिव्यासाठीं दुसरें माप काढीत नाहीं. एकादशीला भगर खाऊन वर पोळीचा तुकडा मोडावा, तसें तें दिसतें.

पण सर्वच तसें नाहीं. २०१० नंतरच्या दशकांत जोसेफ व्हाइट यांनीं पिको-८ या नांवाचें एक कल्पित यंत्र रचलें. तें कधीं कारखान्यांत तयार झालेलें नाहीं. संगणकाच्या पोटांत तें एक जुनें यंत्र असल्याचें मानावयाचें. पडदा १२८ कणांचा चौकोनी, चित्राचा घटक पुन्हा तोच चौसष्ट घरांचा, आणि नेहमींचे रंग सोळा. या सोळांत लांकडाला शोभेल असा तपकिरी एकच आहे. एका तपकिरी रंगानें टेबल होत नाहीं. त्याला उजेडाची एक कड आणि सावलीची एक कड हवी. तेव्हां उजेड नारिंगी किंवा फिकट पीच रंगाकडून उसना आणावा लागतो, आणि सावलीसाठीं गडद जांभळ्याकडे जावें लागतें. लांकडाची सावली जांभळी असते हें ज्यानें कधीं डोळे उघडून पाहिलें नसेल त्याला तें प्रथम चमत्कारिक वाटतें. पण संध्याकाळीं दिवा लावण्यापूर्वीं घरांतल्या एखाद्या जुन्या शिसवी टेबलाखालीं पाहावें. तेथें तपकिरी रंग शोधूनहि सांपडत नाहीं. आठ छटांचें लांकूड ज्याच्या पेटींत आहे, त्या चित्रकाराला तेथें पाहण्याची गरजच पडली नसती. पुढें खोलीला खिडकी काढावयाची आणि बाहेर रात्र दाखवावयाची, तर त्यासाठींहि बहुधा तोच जांभळा डबा उघडावा लागतो. आणि मग टेबलाखालची सावली व खिडकीबाहेरचा अंधार एकाच रंगाचे होऊन बसतात.